खळ्यावरचा दवाखाना

सुगंधाअक्काची पिशवी अजून ओट्यावर टेकली नव्हती, तोच लीलाधरनं तिचा हात धरला.

"अक्का, आधी गोठाकडे चाल. तुले काही सांगनं शे."

साठ वर्षं अक्का आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याहून माहेरी येत होती. चाळीसगावला गाडी बदलायची, पाचोऱ्याला उतरायचं, मग गावची जी मिळेल ती गाडी. या साठ वर्षांत पाण्याचा तांब्या हातात पडायच्या आधी तिला गोठ्याकडे कुणी नेलं नव्हतं. म्हैस व्यायली असेल, असं समजून ती कौतुकाचा चेहरा करून गेली. म्हैस होती तशीच होती. भावानं सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"ही नक्कल. मूळ कागद आजच्या आज आमची सून नूतन तुझ्यापुढं धरेल," नाना म्हणाले. घरात आणि गावात लीलाधरला सगळे नानाच म्हणत; नावानं हाक मारणारी आता एकटी अक्काच उरली होती. "सही करू नको. तुझी सही नसली तर माझ्या नाहीला वजन आहे. सातबाऱ्यावर आपण दोघंच."

"कसला कागद?"

"खळ्याची जागा दवाखान्याला द्यायचा."

अक्का त्याच्याकडे बघतच राहिली. चाळीस वर्षं हा माणूस दवाखाना, तीस खाटांचा दवाखाना म्हणून जिल्हाभर ओरडला होता. मोर्चे काढले, तीन उपोषणं केली, जळगावला कचेरीच्या पायरीवर झोपला. आणि आज दवाखाना दारात आला तर गोठ्यात लपून नको म्हणतोय.

"लीलाधर, ऊन लागलं का तुला?"

"अक्का, हा दवाखाना नाही. दुकान आहे."

एवढ्यात भागाबाईनं स्वयंपाकघरातून हाक दिली. भागाबाई म्हणजे लीलाधरची बायको. बोलणं मोजकं, पण हाक सात घरं ओलांडून जाणारी. अक्का पदर सावरत आत गेली.

आत चुलीवर उलटं खापर तापलं होतं. भागाबाई दोन्ही हातांवर पुरणाची पोळी खेळवत, फिरवत, पंख्याएवढी करून खापरावर टाकत होती. सत्तरीतही तिचे हात थरथरत नव्हते. नूतन आंब्याचा रस काढत बसली होती. कोपरापर्यंत रस आणि कानाला खांद्यानं दाबलेला मोबाइल. ती दोन वर्षांपासून गावची सरपंच होती. सून सरपंच आणि सासरा विरोधी पक्ष, असं गावात चेष्टेनं म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं.

नूतननं फोन बंद केला. "अक्का, गोठ्यात सभा झाली ना?"

"झाली."

"ठराव काय?"

"ठराव नाही झाला. मला अजून पाणी मिळालेलं नाही."

नूतन हसत उठली, पाणी दिलं, आणि समोरच मांडी घालून बसली. "आता माझं ऐका. सरकारनं डॉक्टर मंजूर केला, नर्स मंजूर केली, औषधं मंजूर केली. ते सगळं फुकट, सगळ्यांना. बाळंतपणाची खोलीसुद्धा. पण इमारतीला पैसा नाही म्हणाले. दोन वर्षं मी जळगावच्या खेपा घातल्या. शेवटी हेमराजभाऊंची संस्था इमारत बांधून द्यायला तयार झाली. त्यांची अट एवढीच, की एक खोली त्यांची. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी ते करणार. पिवळं, केशरी रेशनकार्ड असलं तर फुकट. बाकीच्यांना फी."

"हेमराज? लीलाधरविरुद्ध दोनदा उभा राहिलेला?"

"तोच. आणि दोन्ही वेळा निवडून आलेला," नूतन म्हणाली. खापरावरची पोळी उलटता उलटता भागाबाई गालात हसली. "नाना म्हणतात, सरकारी दवाखान्यात फीची खिडकी नको. मी म्हणते, खिडकी एक आहे, दारं चार आहेत. दारातून तर आत जाऊ. परवा संमतीपत्र पोचलं नाही तर हा डॉक्टर दुसऱ्या गावाला जाईल. तीन गावं रांगेत उभी आहेत."

अक्काला दोघांचंही पटत होतं, आणि हीच तिची जन्माची खोड होती. भाऊ बोलला की भाऊ खरा वाटायचा, सून बोलली की सून. धुळ्याला तिचे यजमान म्हणायचे, सुगंधाला वकील केलं असतं तर दोन्हीकडून फी घेतली असती.

बाहेर जितेंद्र गाडी लावत होता. नूतनचा नवरा, नानांचा एकुलता एक. बायको आणि बाप यांच्या मध्ये सतरा वर्षं उभा राहून त्याची पाठ भिंतीसारखी सरळ झाली होती. आत येऊन त्यानं आत्याच्या पाया पडून हळूच विचारलं, "फुई, कुणाकडून?"

"अजून जेवणाकडून," अक्का म्हणाली.

पण जेवण सोपं नव्हतं. आखाजीला पितरांची घागर पुजायची, नैवेद्य दाखवायचा, आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं विस्तवावर तुपाची आणि पुरणाची आगारी टाकायची. ती पडेपर्यंत घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. देवधर्मात नानांना फारसा रस नव्हता. पण आगारी ते बापासाठी, आबांसाठी टाकत, आणि त्यात कधी चूक होऊ देत नसत. आज मात्र घागर पुजून झाली, डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा तिच्यावर ठेवून झाला, विस्तव फुलला, आणि नाना पाटावर येऊन बसले ते हात बांधूनच.

"आधी त्या कागदाचं ठरू दे," ते म्हणाले. "आबांची जागा आहे. आबांच्या पुढंच ठरू दे."

"नाना, पोळ्या निवतील," जितेंद्र म्हणाला.

"निवू देत."

"रस आंबेल."

"आंबू दे."

"मला भूक लागलीय," अक्का म्हणाली.

नूतन पदराला हात पुसत समोर आली. "बोला नाना. काय खटकतं ते सरळ सांगा."

"खिडकी," नाना म्हणाले. त्यांचा आवाज सभेतला झाला. "नूतन, मी बघितलंय. आधी केसपेपरचे पैसे. मग सुईचे. मग खाटेचे. मग खाटेजवळ बसणाऱ्याचे. खिडकी एकदा उघडली की ती बंद होत नाही, रुंद होते. आज पांढऱ्या कार्डवाला पैसे देईल, उद्या केशरी. परवा पिवळ्या कार्डवाला दारात उभा राहील आणि म्हणेल, मशीन बंद आहे का ताई? ताई म्हणेल, तुझ्यासाठी बंद आहे. आजारी माणसाला दारात कार्ड विचारायचं? तो काय रेशनला आलाय?"

"नाना, आत्ता कार्ड कुणी विचारत नाही, कारण आत्ता दारच नाही! परवा वरच्या आळीतल्या पोरीला कळा सुटल्या तर टेम्पोनं पाचोरा गाठला. तिला काय सांगू? थांब, आमच्या नानांचा तीस खाटांचा दवाखाना यायचाय?"

"यायचाच आहे."

"कधी?"

"हे तुकडे घेणं बंद कराल तेव्हा. तुकडा घेतला की सरकार म्हणतं, झालं यांचं."

अक्काच्या मनात वर्षं मागं पळायला लागली. एक्याऐंशी साल. तेव्हा लीलाधर तिशीचा, दाढी वाढवलेला, डोळ्यांत निखारे. बाजाराच्या दिवशी सरकारी दवाखान्याची गाडी गावात आली होती. आठवड्यातून एकदा येणार, म्हणाले. आत डॉक्टर, औषधं, एक खाट. लीलाधरनं आदल्या दिवशीच्या लग्नाचा बँड अडवून ठेवला होता. गाडीपुढं बँड, मागं सारं गाव, "फिरता नको, पक्का पाहिजे!" असा गजर करत गाडी शिवेबाहेर काढून दिली. बँडवाल्यांना वरातीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी तेच वाजवलं. संध्याकाळी विजयाची जिलेबी वाटली. त्या आखाजीला आलेल्या अक्कानंही दोन वेढे खाल्ले होते. गाडी शेजारच्या गावी गेली, तिथंच रुळली, आणि आता तिथं पक्का दवाखाना आहे. पुढच्या वर्षी भागाबाईचे दिवस भरले, ती पाचोऱ्याला निघाली, आणि जितेंद्र एसटीतच जन्मला. कंडक्टर भला माणूस. पण उतरताना म्हणाला, चढताना दोघी होत्या, उतरताना तिघं, आता मी तिकीट कोणतं फाडू?

सगळं गाव ही गोष्ट हसून सांगतं. अक्काही सांगते. पण बाळंतपणाला आलेली ती त्या एसटीत भागाबाईच्या उशाशी होती. भागाबाईचा हात तिच्या हातात कसा थंड पडत चालला होता, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लीलाधरलाही नाही.

"काय गं अक्का, गप्प का?" नाना म्हणाले.

"मला कागद दे," अक्का म्हणाली. "तुमचं दोघांचं ऐकलं. आता कागदाचं ऐकते."

तिचा चष्मा धुळ्यालाच राहिला होता. तेव्हा नानांनीच आपलं भिंग काढून वाचायला घेतलं; खिडकीच्या कलमापुढं ते आजवर गेलेच नव्हते. ते वाचत गेले, आणि तिसऱ्या पानावर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि आनंद एकदम उमटला. आपलंच खरं झाल्यावर माणसाचा होतो तसा.

"ऐका. 'तपासणी कक्षाचा ताबा संस्थेकडे कायम राहील.' कायम! आणि पुढं, 'शुल्काचे दर संस्था ठरवील.' नूतन, हे वाचलं होतंस?"

नूतनचा चेहरा उतरला. "वाचलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, आधी भिंती उभ्या राहू देत. मग बघू."

"मग बघू!" नानांनी भिंग ठेवलं. "माझं 'सगळं पाहिजे' खुळेपणाचं, आणि तुझं 'मग बघू' शहाणपणाचं?"

नूतन घागरीवरचा आंबा नीट करू लागली. जितेंद्रनं छताकडे पाहिलं. अक्काला वाटलं, आता हे दोघं भांडतही नाहीत, हे वाईट. आणि त्याच वेळी दारात काठी आपटली.

चिंधा आला होता. पन्नास वर्षं या घरचा सालदार, सालासालाच्या बोलीवरचा गडी. आता त्याचे गुडघे जात चालले होते, कामापेक्षा देखरेखच जास्त. पण डोक्याला नवं कोरं उपरणं बांधून तो आखाजीचा हक्काचा आला होता. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं.

"नाना, साल ठरावनं शे."

"चिंधा, पन्नास वरीस व्हई ग्यात. आते काय ठरावनं?" नाना वैतागले.

"ठरावनंच पडस. नही ते तुमले वाटी, चिंधा घरनाच शे."

भागाबाई पहिल्यांदा मोठ्यानं हसली. नाना पाटावरून न उठताच म्हणाले, "बोल."

"महिनाना आठ दिन सुटी. गुडघा दुखतस."

"आठ? मंग शेत कोन बघी? पाच."

"सात. आन रातनं पानी मी धराव नही."

"रातनं पानी नको धरू. सुटी सहा."

"सहा ते सहा," चिंधा म्हणाला. "पुढली आखाजीले सात मांगसू."

"माग," नाना म्हणाले, आणि सवयीनं पूजेच्या ताटातली पान-सुपारी उचलून त्याच्या हातावर ठेवलं. साल ठरलं.

अक्का हे सगळं पाहत होती. ती हळूच म्हणाली, "लीलाधर, तू आत्ता काय केलंस?"

"काय केलं? साल ठरवलं."

"त्यानं आठ मागितले, सहा घेतले. तो बाटला का?"

नानांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "अक्का, ते वेगळं."

"काय वेगळं? पंच्याहत्तर साली सालदारांना सुटी नव्हती. तू सगळ्यांना घेऊन पारावर बसलास. चार दिवस मागितले, आपल्याच आबांकडे. आबांनी दोन दिले, आणि तू दोन घेतलेस. मी इथंच होते. पुढच्या आखाजीला तिसरा घेतलास."

"घिदा व्हता," चिंधा म्हणाला. "त्या दोन दिनमा मी सासरवाडी पाही उनू. पूर्रा चार मियेतोवर वाट देखतू, ते बायको निंघी जाती."

जितेंद्र हसू आवरायला बाहेर गेला. नूतननं तोंडाला पदर लावला. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी विस्तवावरची राख झटकली.

"अक्का," ते म्हणाले, आणि आवाज सभेतला नव्हता, "चाळीस वर्षं मी 'खिडकी नको' म्हणून गावोगाव फिरलो. माझ्यासंगं फिरलेली निम्मी माणसं गेली. आता माझ्याच बापाच्या खळ्यावर खिडकी. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

अक्काला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण सून समोर होती.

"तू बरोबरच आहेस," ती म्हणाली. "म्हणून मी या कागदावर सही करणार नाही."

नूतननं झटकन मान वर केली.

"आणि तूही बरोबर आहेस, नूतन. म्हणून कागद न करता मी इथून उठणारही नाही. मला कुणाच्या बाजूला ओढू नका. माझी बाजू सातबाऱ्यावर आहे. पन्नास वर्षांचा चिंधा या घरात कायम नाही, आणि हेमराज कायम? त्याला सालदार ठेवा. आखाजी ते आखाजी. नीट वागला तर पुढचं साल. गरिबाला परतवून लावलं तर जागा आपली."

कुणी काही बोलायच्या आत नूतननं मोबाइल उचलला होता. "हेमराजभाऊ, आखाजीचा नमस्कार. नाना बोलतात."

"मी कुठं बोलतो म्हणालो?" नाना म्हणाले, पण फोन पाटासमोर येऊन बोलू लागला होता.

"नाना! पुरणपोळ्या झाल्या का?"

"नाही. तुझ्या 'कायम'नं अडकवून ठेवल्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे कायम चालणार नाही. एक साल."

"नाना, मशीन केवढ्याचं असतं! एका सालात काय होतं? दहा."

"दहा वर्षांत मी नसेन. मी असताना तुझा हिशेब झाला पाहिजे. एक."

"पाच."

नाना पाटावर पुढं सरकले. त्यांचे डोळे चमकायला लागले. हा डाव ते विसरलेच होते, असं अक्काला वाटलं. इतकी वर्षं नाही म्हणून म्हणून त्यांच्या जिभेला मागण्याची चव राहिली नव्हती.

"दोन," नाना म्हणाले. "आणि गरोदर बाईला कार्ड विचारायचं नाही. कोणत्याच रंगाचं. फी ग्रामसभा ठरवील, आणि दर बाहेरच्या भिंतीवर लिहायचे, मला भिंगाशिवाय वाचता येतील एवढे."

मग हेमराज म्हणाले, "तीन साल. बाकीचं कबूल. आणि दगडावर नाव?"

"नाव तुला पाहिजे तेवढं मोठं लिही. आजारी माणूस कधी नाव वाचतो?"

"मग तीन?"

नानांनी अक्काकडे पाहिलं. अक्कानं चिंधाकडे. चिंधानं पान चघळत मान हलवली.

"तीन," नाना म्हणाले. आणि फोन बंद झाल्यावर लगेच, "दोनावर आला असता. नूतन, तू घाई केलीस."

"मी?" नूतन म्हणाली. "मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही!"

नव्या अटी नूतननं लिहिल्या, नानांनी त्यातले दोन शब्द बदलून जास्त कडक केले, नूतननं त्यातला एक परत मऊ केला. अक्कानं पहिली सही केली. चष्म्याशिवाय ती ओळ सोडून खाली गेली. नानांनी पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. सही करून खाली कंसात 'निषेध नोंदवून' असं लिहू लागले.

"नाना, जळगावला हे चालणार नाही," नूतन म्हणाली.

"का? निषेध नोंदवायला बंदी आहे?"

"कागद परत येईल. आणि परवा शेवटची तारीख आहे."

नानांचं पेन हवेत राहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"ठीक आहे. कागदावर नाही. पण उद्घाटनाच्या दिवशी मी दारात काळा झेंडा घेऊन उभा राहणार. खिडकी आहे तोवर दर आखाजीला उभा राहणार. घरच्यांची पर्वा करणार नाही, आत्ताच सांगतो."

"राहाच उभे," नूतन म्हणाली. ती हसत नव्हती. "नाना, तुम्ही दारात नसलात तर तिसऱ्या साली हेमराजभाऊ माझं ऐकतील का? मी आत बोलणार आहे, ते तुमच्या जिवावर."

नानांना हे अपेक्षित नव्हतं. ते पाटावर विस्तवाकडे वळले. पुरणाचा घास तुपात बुडवून त्यांनी आबांच्या नावानं निखाऱ्यांवर सोडला. चर्र आवाज झाला, धूर वर गेला, आणि जितेंद्र पाट मांडायला धावला.

पहिली पोळी ताटात वाढता वाढता भागाबाई म्हणाली, "घरमा कायं फडकं नही. मनी निळी साडी शे. चाली का?"

"काळाच लागतो," नाना म्हणाले.

"मंग इकत आना. आन जाड आना, टिकी आसं. दरसाल नवा झेंडा शिवाले माले येळ नही."